पुस्तकातली माय

माह्या पोरीच्या काळजाले भोक हाय अन् सासू ऑपरेशनले नाही म्हनते, म्हनून मी शेजारच्या शिवणवाल्या बाईपाशी जाऊन बसते. ते तोंडात पिना धरूनच बोलते. काल तिच्या मोबाईलवर सिनेमा पाहून राहिलो होतो, सरकार लोकायले भिंतीआड कोंडते, त्याचा शेवटला भाग. शिपाई येऊन आत कोंडलेल्या मायलेकरायले सोडवते. बाईनं पिना काढल्या, मोबाईल बंद केला.

"खोटं हाय वं! हा सिनेमा ज्याच्यावरून काढला ते पुस्तक म्या वाचलं. तिथं कोनी येत नाही. माय थरथर कापते, पन लेकराले घेऊन सोताच निंगते. तू शिपायाची वाट पाह्यशीन त म्हातारी होशीन!"

आज पोरीले ऑपरेशनले घेऊन निंगालो, त नागपूरच्या बसमंदी कंडक्टरनं इचारलं, "संगं कोन हाय, बाई?"

पाय कापतच होते. म्हटलं, "मी हाव ना पोरीसंगं."