हात सोडून दिलेलं उत्तर

राहात्यात कुठल्या घरात किती सुना, हे छबूबाई कासारीण मनगटांवरून सांगे. धंदा शिकवताना सासूनं तिला एकच नेम घालून दिला होता : "बाईचा हात हातात असंस्तवर खोटं बोलायचं न्हाई. काच तडकती." काच खरंच तडकते का, हे छबूबाईनं तीस वर्षांत कधी पडताळून पाहिलं नाही, नेम मात्र पाळला. गिऱ्हाइकिणींनाही तो ठाऊक होता. म्हणून सासवा तिच्या हातात हात देऊन मुद्दाम विचारत, "आमची धाकटी भाकरी कशी थापते गं?" आणि तिनं "जाड!" म्हटलं की घर हसून लोळे.

पुष्पावतीबाईंच्या बंगल्यात तिला विशेष मान. नवरा आप्पासाहेब साखर कारखान्याचे संचालक, दारात जीप. पण बाईंना माया होती ती नगरच्या शाळेतल्या मैत्रिणीची, नेवाशाच्या मनकर्णाची. दोघींच्या मनगटाचं माप एकच. बोर्डिंगात एकमेकींच्या बांगड्या घालून हिंडायच्या. मनकर्णाही बड्या घरची, पण तीन वर्षांपूर्वी कपाळ रिकामं झालं. तिची शेतीवाडी आप्पासाहेब बघत. बायकोच्या मैत्रिणीसाठी एवढं करतात, म्हणून पुष्पावतीबाईंना नवऱ्याचा अभिमान वाटे. दोघींचे निरोप छबूबाईच्या टोपलीतून ये-जा करत.

एकाहत्तरच्या आषाढात नेवाशाच्या मळ्यातल्या बंगल्यावर मनकर्णानं दार लोटून घेतलं आणि हात पुढे केले.

"हिरव्या भर."

छबूबाई बघतच राहिली. तेवढ्यात आतून आप्पासाहेब आले. "देवळात माळा घातल्यात आम्ही. राहात्यात बोललीस तर एक दार तुला उघडं राहायचं नाही."

छबूबाईनं मान खाली घालून चुडा भरला.  

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती पुष्पावतीबाईंकडे गेली. सुना, नणंद, शेजारणी यांचा गोतावळा होता. पुष्पावतीबाईंचा डावा हात भरून झाला, उजव्यात चार बांगड्या चढल्या.

"नेवाशाला गेली होतीस ना? मनकर्णा कशी आहे?"

छबूबाईनं हात सोडला. टोपलीतल्या बांगड्यांच्या माळा चाळल्या, एक नग उजेडाला धरला आणि म्हणाली, "बऱ्या हायेत की."

मग पुन्हा हात घेतला.

 पुष्पावतीबाईंनी सगळ्यांना चहाला आत पिटाळलं.

"छबू, हात सोडून का बोललीस?"

"नग शोधत हुते, बाईसाहेब."

"आत्ता हातात हात आहे. आता सांग."

छबूबाईच्या डोळ्यांपुढून राहात्यातलं एकेक दार गेलं. हात सोडून अजून एक थाप मारता आली असती. पण बाई तिची बोटं घट्ट धरून बसल्या होत्या.

"हिरवा चुडा भरला म्या त्यांना."

"कुणाच्या नावाचा?"

छबूबाईनं ओट्यावरच्या चपलांकडे पाहिलं. आप्पासाहेबांच्या कोल्हापुरी तिथं होत्या. पुष्पावतीबाईंनीही तिकडे पाहिलं. काच काही तडकली नाही.

 आतून कपबशांचा आवाज येत होता.

"राहिलेल्या भर," बाई म्हणाल्या. छबूबाईनं भरल्या, रिवाजाप्रमाणे वरून एक मानाची चढवली. बाईंनी ती अलगद काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. "ही तिला नेऊन दे. माप ठाऊक आहे तुला. माझ्याकडून आहे म्हण, बाकी काही नको."

म्हणजे कुणी सांगितलं हे नेवाशाला कळणारच. छबूबाईनं बांगडी चिंध्यांत गुंडाळली. "देते, बाईसाहेब."

बांगडी नेवाशाला पोचली, आणि भादवा लागेपर्यंत राहात्यातली पाच-सहा मोठी घरं तिला बंद झाली. "आमच्याकडं नगरहून बांगड्या आल्यात गं," बाया दारातूनच म्हणत. ती पुढं चालू लागे.

गौरीच्या आदल्या दिवशी पुष्पावतीबाईंच्या बंगल्यावरून ती खाली मान घालून निघाली होती. आप्पासाहेब ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"छबू!" बाईंनी समोरच्या दारातून हाक मारली. "तशीच पुढं कुठं निघालीस? इकडे ये."

त्यांनी ओट्यावरच, नवऱ्याच्या खुर्चीपासून दोन हातांवर, चटई टाकली, समोर बसल्या आणि हात पुढे केला.

छबूबाईनं तो हातात घेतला. आप्पासाहेबांनी पेपर उचलला आणि ते आत गेले.