पंख शिवणारा क्रेनवाला

"यल्ला, चला, ऑगस्ट आला," असं तो ऑक्टोबरातच म्हणायचा आणि दोरा जिभेवर ओला करून सुईत ओवायचा. ओमानच्या सोहार बंदरात क्रेन तपासणारा सहा फुटी गडी, मनगट माझ्या दंडाएवढं. आईबाप त्रिनिदादचे, जन्म लंडनचा. मांडीवर निळी पिसं घेऊन टिकल्या शिवताना त्याला तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही माझ्यासारखे त्याच्या खोलीच्या दारातच थिजला असता.

"कोणासाठी हे?"

"आईसाठी. ऑगस्टात लंडनच्या कार्निव्हलला पंख लावून ती नाचते."

आई ऐंशीच्या पुढची. आता बोला!

मी त्याच बंदरात कामाला, मूळचा गुहागरचा, शिमग्याला रजा काढून पालखी नाचवणारा. म्हटलं, नाचायची हौस आम्हालाही आहे, पण वर्षभर शिवत कोण बसतं? तो हसला नाही.

"आई तिकडे गेली तेव्हा आम्हा काळ्यांना रस्त्यात गाठून मारायचे. माझ्या मामाचा डोळा गेला. त्या थंडीत आमच्या लोकांनी हॉल घेऊन आतच कार्निव्हल केलं. काही वर्षांनी ते रस्त्यावर आलं. मामाला मारलं त्याच रस्त्यावरून आई दर वर्षी जाते. एकदाही चुकवलं नाही तिनं."

माझा चहा निवून गेला. मी मेला त्याला जत्रा समजत होतो.

जुलैअखेर एका सकाळी तो ड्युटीवर आला नाही. दार उघडलं, तर झोपेतच गेलेला. आदल्या दिवशी माझ्याशी भांडलेला माणूस! डावा पंख अर्धा राहिला होता. मला बटणही धड लावता येत नाही, तरी तो मीच पुरा केला, आत चिठ्ठीवर माझा नंबर लिहिला आणि दोन्ही पंख शवपेटीबरोबर लंडनला पाठवले. वाटलं, माउली आठवण म्हणून जपून ठेवील.

ऑगस्ट संपता संपता व्हिडिओ कॉल आला. चाकांच्या खुर्चीत म्हातारी, पाठीला निळे पंख, भोवती ढोल आणि ही गर्दी. आमच्याकडे सुतकात पालखीला कोणी हात लावत नाही, आणि ही मुलाला जाऊन महिना होतो न होतो तोच रस्त्यावर!

"आंटी, या वर्षी तरी..." मी म्हटलं.

"या वर्षी घरी बसले, तर त्यानं शिवलं कशासाठी?" तिचे डोळे वाहत होते आणि खांदे तालावर हलत होते. मग तिनं मान वळवून पाहिलं. "डावा पंख तू शिवलास ना? ढिला आहे. पुढच्या वर्षी नीट शिव."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?