खांबावरचा ससाणा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी राग तसाच आहे. तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

नॉर्थ कॅरोलायनात मी वन्यजीव विभागाचा पोलीस अधिकारी होतो. शिकारीचे परवाने तपासणं, जप्त बंदुकांना चिठ्ठ्या लावणं, शेतमालकांची गाऱ्हाणी ऐकणं हे आमचं रोजचं काम. मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींना त्याची भारी गंमत वाटायची. "काय साहेब, आज किती हरणांना अटक?" असं प्रत्येक जेवणात कोणीतरी विचारायचंच.

त्याच मंडळींतली नागपूरची एक मुलगी पीएच.डी. करत होती. तासाभरावर एक मोठी खासगी शिकार-इस्टेट होती. शेतं, झुडपं आणि पैसेवाल्या शिकाऱ्यांसाठी जोपासलेले लावे पक्षी. ससाणे खरंच किती लावे मारतात, हे ती तपासत होती. ससाण्यांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर बांधून रेडिओवर त्यांचा माग काढायची. इस्टेटीच्या फाटकावर 'वन्यजीवांचे मित्र' अशी पाटी होती, त्यामुळे परवानगी सहज मिळाली.

एका सकाळी ठाण्यावर तिचा फोन आला. "काका, माझे बर्ड्स एकेक करून गायब होताहेत. सिग्नल एकदम बंद! सगळेच ट्रान्समीटर असे फेल नाही होत हो. कोणीतरी मारतंय त्यांना."

मी रीतसर तक्रार नोंदवली आणि इस्टेटीवर गेलो. मॅनेजर गोडबोल्या. त्याने कॉफी पाजली, शेतं फिरवून दाखवली. हाती काहीच लागलं नाही. आणि त्याच आठवड्यात एका बेपत्ता ससाण्याचा सिग्नल पुन्हा सुरू झाला. सिग्नल हलत होता, म्हणजे पक्षी जिवंत. मॅनेजरने लगेच विद्यापीठाला कळवलं की ही मुलगी खोटे आरोप करते, हिला आमच्या जमिनीवर पाठवू नका. तिच्या गाईडने अभ्यास थांबवायची भाषा सुरू केली. अभ्यास थांबला तर पदवी गेली, आणि तिचा व्हिसाही त्या पदवीवरच होता.

ती ठाण्यात येऊन बसली. रडत नव्हती, संतापली होती. "काका, मी बाहेरच्या रोडवरून ट्रॅक केलं. तो लेफ्टला जातो, राइटला जातो, परत लेफ्टला. मग एकदम फ्रीझ. रोज सकाळी, सेम फील्ड. माझा ससाणा असा हंट करतच नाही. तो झाडावर बसून वाट बघतो."

मी खुर्चीतून उठलोच. लाव्यांच्या शिकारीवर नजर ठेवण्यात माझी अर्धी नोकरी गेली होती. शिकाऱ्यांच्या पुढे कुत्रा असाच शेत विंचरत जातो, आणि लाव्याचा वास लागला की जागच्या जागी थिजतो. "पोरी, तुझा ससाणा चार पायांवर धावतोय," मी म्हणालो.

तिचा जबाब जोडून मी झडतीचं वॉरंट मिळवलं. कुत्र्यांचा सराव चालू असतानाच आम्ही शेतात शिरलो. रिसीव्हर तिच्या हातात होता. आवाज वाढत वाढत एका ठिपकेदार कुत्र्यापाशी पोचला. गळपट्ट्याच्या आतून चिकटपट्टीने ट्रान्समीटर बांधला होता. तिने गुडघ्यांवर बसून नंबर वाचला. "माझाच आहे," एवढंच म्हणाली. कुत्रा बिचारा तिचा हात चाटत होता.

इस्टेटवाल्यांना त्यांची सवयच नडली. भरकटलेली कुत्री शोधायला ते रेडिओचे पट्टे नेहमी वापरत. सिग्नल हलतोय म्हणजे जनावर जिवंत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. जनावर कसं हलतंय, हे कोणी कान देऊन ऐकेल असं त्यांना वाटलंच नाही.

मॅनेजर आणि कुत्री शिकवणारा, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. मॅनेजर वकील येईपर्यंत तोंड उघडेना. दुसऱ्यावर मी आवाज चढवला नाही. खोटं बोलायच्या तयारीने आलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव. ट्रान्समीटर टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो.

"मला सांगितलं ते केलं," शेवटी तो म्हणाला. "बाकीचे फोडले, हा एक डब्यात राहिला होता. तुम्ही येऊन गेलात तेव्हा साहेबांनी हा कुत्र्याला बांधायला लावला. सापळे शेडमध्ये आहेत."

लोखंडी चापाचे सापळे, खांबाच्या टोकावर ठोकायचे. ससाणा बसायला उंच जागा शोधतो. बसला की चाप पाय धरतो आणि तो उलटा लटकून मरेपर्यंत फडफडतो. हे म्हणे वन्यजीवांचे मित्र!

मॅनेजरला दंड झाला. तो त्याने हसत भरला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "ऑफिसर, शेवटी पक्षीच तर होते." अंगावर वर्दी होती, म्हणून माझे हात खिशात राहिले.

गुन्हेगार पुरावा लपवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. या माणसाने तर तो आम्हाला ऐकवला. तेव्हापासून कोणाचा पुरावा फार सोयीचा वाटला की मी आधी त्याच माणसाकडे बघायला लागलो.

मुलीचा अभ्यास वाचला. शेजारच्या एका शेतकऱ्याने तिला आपली जमीन दिली. पहिला नवा ससाणा सोडताना तिने मला मुद्दाम बोलावलं. तो तिच्या हातून सुटला, एक घिरटी घालून कुंपणापलीकडे गेला आणि इस्टेटीच्याच एका खांबावर बसला.

"काका, तिथे काही नाही ना?"

"नाही. सकाळीच सगळे खांब बघून आलोय."

तरीही तो उडेपर्यंत आम्ही दोघं जागचे हललो नाही.