समोरची डावी सीट

सानगडीच्या यादोरावांनी आयुष्यभर जपली ती एक जुनी लाल मोटार. जपायची रीतही त्यांची स्वतःची. दर दसऱ्याला कुटुंबाला दीक्षाभूमीवर न्यायच्या आधी ते गाडीखाली शिरायचे आणि तळाला जळकं ऑइल फासायचे, बैलगाडीच्या आसाला वंगण घालावं तसं. मग नागपूरपर्यंत वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. ट्रकवाले शिव्या घालत पुढे जायचे. समोरच्या डाव्या सीटवर जेवणाचा डबा आणि पाण्याची कॅन. बायको रत्नमाला, मुलगा धम्मदीप, मुलगी रश्मी, सगळे मागे दाटीवाटीने.

कॉलेजात गेल्यावर धम्मदीपला याची लाज वाटू लागली. एकदा पाहुण्यांसमोरच त्याने विचारलं, "बाबा, डबा माह्यापेक्षा मोठा हाये काय?" यादोराव गाडीची काच पुसत राहिले. तेव्हापासून तो एसटीने जाऊ लागला. वडील जिवंत असेपर्यंत त्याने त्या गाडीत पाय ठेवला नाही.

ते गेले आणि गाडी त्याच्याकडे आली. वरठीला तो कामाला होता, त्या कारखान्यातल्या दोस्तांनी नागपूरजवळच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचा बेत आखला, तेव्हा पहिलं नाव त्याने दिलं. बापाने चाळीसवर कोंडून ठेवलेली गाडी त्याला एकदा मोकळी सोडायची होती. यात हौस कमी आणि सूड जास्त होता, हे त्यालाही कळत होतं. दारं गंजली होती म्हणून आधी तो साकोलीला, बापाच्या वेळेपासून गाडीचं पत्राकाम करणाऱ्या ईश्वर डेंटरकडे गेला.

"दाराचा गंज दिसाले खराब, त्यानं कोनी मरत नाई," ईश्वर म्हणाला. त्याने डाव्या सीटखालची मॅट ओढून काढली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो सहज आरपार गेला. खालून ऑइल-मातीचा जाड थर, म्हणून पत्रा शाबूत वाटायचा. खरं तर त्या थरानेच ओल धरून ठेवून तो आतून गंजवला होता.

"सीटचे बोल्ट नुसते नावाले हायेत. पट्टा जिथं कसला, तोही पत्रा गेला. ट्रॅकवर जोरात ब्रेक मारशीन तं सीट मानसासकट सुटन. नेऊ नोको."

"बाबाले मालूम होतं?"

"मीच सांगतलं होतं, तू लहान होता तवा. पत्रा तवाच वेल्डिंग धरत नोयता. म्हनला, धम्माच्या मायले गुडघ्यानं एसटीत चढता येत नाई, गाडी तं लागनच. डावीकडं कोनाले बसवत नाई, हळू चालवतो. अन् तेल दुप्पट लावाले लागला. नोको म्हनलो, आयकलं नाई."

"मंग घरी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुयी माय बसली असती काय गाडीत?"

बापावर चिडावं की स्वतःवर, धम्मदीपला कळेना. चिडून उपयोग तरी काय होता? डब्यावरून बोललेलं ज्याने मुकाट ऐकून घेतलं, तो माणूस आता नव्हता.

परतताना काटा चाळीसच्या वर गेला नाही. कचेरी सुटून रश्मी रस्त्यावर उभी होती. भावाला पाहून तिने हसत समोरचं डावं दार उघडलं.

"मागं बस," तो म्हणाला. आवाज थेट यादोरावांचा.

रश्मीचा चेहरा पडला. कारण त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते आईच्या कानावर गेलं तर ती या गाडीत पुन्हा बसली नसती. रश्मीने दार आपटलं आणि मागे जाऊन बसली.