नाक वर करायचं बटण

आमच्या घरात स्पोर्ट्स कारचे दोन जाणकार आहेत आणि कार एकही नाही.

पहिली जाणकार मी. दुसरे माझे सासरे, म्हणजे मामाजी. आम्ही राहतो अड्याळला. दारात उभा असतो ट्रॅक्टर. तो चालवतात आमचे हे, आणि त्या ट्रॅक्टरकडे आम्ही दोघं ढुंकूनही बघत नाही. मामाजींची सगळी उमर चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या ट्रकवर गेली. मागे इतका माल भरलेला असायचा, की ट्रक पळायचा नाही, कण्हायचा! आणि मला हे वेड कुठून लागलं, देवाला ठाऊक. माझ्या वयाच्या मुली साड्यांचे व्हिडिओ बघायच्या तेव्हा मी इंजिनांचे आवाज ऐकत बसायचे. (आईला वाटायचं, पोरीच्या कानात काही बिघाड आहे.)

दुपारी जेवणं आटोपली की मी मोबाइल पाण्याच्या पितळी गुंडाला टेकवून ठेवते आणि आम्ही सासरा-सून समोर बसतो. बाकीच्या घरांत सुना सासऱ्यांसमोर पदर सावरतात. आमच्याकडे सासरेबुवाच म्हणतात, "वर्षा, सरक ना वं जराशी, मागचं चाक दिसून नाई राह्यलं!"

गाड्या पुष्कळ बघितल्या, पण जीव जडला तो एकीवर. परदेशी, दोन माणसांची, बुटकी, रुंद. तिचं नाव मी सांगत नाही. आम्हीही घरात नुसतं 'ती' म्हणतो. ('ती आली का आज?' असं मामाजींनी विचारलं तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन दिवस आमच्याकडे संशयाने पाहिलं होतं.) तिचे मागचे दिवे गोल होते आणि इंजिन सुरू झालं की मोबाइलच्या एवढ्याशा भोकातून आलेल्या आवाजानेही मामाजींच्या अंगावर काटा यायचा.

आणि मग कंपनीने तिचं रूप बदललं!

नव्या मॉडेलचा व्हिडिओ आला त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. "कायले हात लावला बाप्पा हिले? डोये कसे बारीक करून टाकले! झोप येऊन राह्यली का तिले?"

"मामाजी, आता तसेच दिवे असतात जी. ताकद वाढवली ना पण."

"ताकद गेली चुलीत. चेहरा गेला ना वं!"

मी नव्या रूपाच्या बाजूने, ते जुन्याच्या. आठवडाभर घरात दोन पक्ष. शेवटी आमचे हे चिडून म्हणाले, "तुम्ही दोघं अशे भांडून राह्यले, जसं काही उद्या तिले दारात आणून बांधाची आहे!"

बांधायची नव्हतीच. फक्त एकदा जवळून बघायची होती, एकदा खरा आवाज ऐकायचा होता. भंडारा जिल्ह्यात राहून त्या गाडीची वाट बघणं म्हणजे गावतलावाच्या काठावर बसून आगबोटीची वाट बघण्यासारखं होतं.

तर आगबोट आली!

माझी मावसबहीण सुनंदाताई नाकाडोंगरीला असते. तिच्या मुलीचं लग्न होतं, आणि 'कंबर फार दुखते गं, एवढा प्रवास नाही होणार' असं मी तिला आधीच कळवून टाकलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "तू नाई येऊन राह्यली, पण मजा हुकली तुही. नवरदेवाचा मामा नागपूरहून कोणती तं लाल गाडी घेऊन येऊन राह्यला. चपटी आहे म्हणते, जशी कोणी वरून बसलं असन!"

मी ताडकन उठून उभी राहिले. "ताई, मागचे दिवे कसे आहेत? गोल का पट्टी?"

"मले काय माहीत वं! तुह्या कंबरेचं सांग."

"कोणती कंबर?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही एसटीत. मामाजींनी ठेवणीतला पांढरा सदरा काढला होता, मी माझी मोरपंखी सिल्क. हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सख्ख्या साळीच्या लग्नाले बी इतकी घाई नव्हती तुमची."

नाकाडोंगरीला पोचलो तर वऱ्हाड शाळेत उतरलेलं. मांडवाकडे न जाता मी आणि मामाजी आधी शाळेत गेलो. (नवरीची मावशी वरपक्षाच्या जानवशाला धावत जाते हे काही बरं दिसत नाही. पण त्या वेळी कोण बघतं!) शाळेच्या आवारात चिंचेखाली ती उभी होती, नव्या रूपातली.

मी काय सांगू! मोबाइलमध्ये ती तळहाताएवढी दिसायची. इथे चिंचेची सावली तिच्या लाल पाठीवरून सरकत होती आणि ती उभी असूनही पळत असल्यासारखी वाटत होती. मामाजींनी हात सदऱ्याला पुसला, पुढे केला, आणि मागे घेतला. परत पुसला. मग एका बोटाने तिच्या दिव्याच्या कडेला हळूच शिवले.

"जवळून पाह्यली तं बरी दिसते वं," ते म्हणाले. "डोये बारीक आहेत. पण नजर आहे."

गाडीचे मालक, म्हणजे नवरदेवाचे मामा मनोहरभाऊ, शेजारीच खुर्चीवर बसले होते. ऐसपैस देहाचे, घामाघूम, आणि चेहऱ्यावर कंटाळा. सकाळपासून गावातला प्रत्येक माणूस येऊन त्यांना 'एव्हरेज किती देते' एवढंच विचारून गेला होता. मी म्हणाले, "भाऊ, हिचा मागचा पंख आता वेगानुसार आपोआप वर येतो ना?" तर ते उठून उभेच राहिले.

"ताई, तुम्हाला माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे!" मी म्हणाले. (हे वाक्य लक्षात असू द्या. माझ्या तोंडून निघालेलं ते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं खोटं.)

मामाजी अजिजीने म्हणाले, "भाऊ, जरासी चालू करून दाखवता का जी?"

मनोहरभाऊंनी आत वाकून बटण दाबलं. मामाजींनी डोळे मिटले. मीही मिटले. आम्ही थांबलो. चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. लांब मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं.

"करा ना चालू," मामाजी म्हणाले.

"चालू आहे की!"

मामाजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे घाबरून पाहिलं. "वर्षा, माहे कान गेले का वं?"

कान शाबूत होते. मनोहरभाऊंनी समजावलं, की नवी गाडी आधी बॅटरीवर चालते, मोठं इंजिन वेगात आल्यावर जागं होतं, आणि लग्नाच्या गर्दीत गावात वेग कुठून आणणार? मामाजी 'असं असं' म्हणाले आणि गाडीकडे पाठ करून विडी शोधायला लागले. त्यांनी विडी सोडून बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात वरातीची वेळ झाली. नवरदेवासाठी घोडी ठरवलेली होती, पण अशी गाडी दारात असताना घोडीवर कोण बसतो! घोडीवाल्याला चहा देऊन बाजूला बसवलं आणि नवरदेव मनोहरभाऊंच्या शेजारी गाडीत घुसला. ढोल-ताशे बडवणारे धुमालवाले पुढे, नाचणारे त्यांच्या मागे, मग ती, आणि तिच्या खिडकीला खेटून मी! मामाजी दुसऱ्या बाजूला. मला तर वाटत होतं, वरात माझीच आहे.

ग्रामपंचायतीसमोर ब्रेकर आला.

हा ब्रेकर गावकऱ्यांनी स्वतः घातलेला होता, म्हणजे काय ते समजा. खाणीच्या ट्रकांनाही नमस्कार करायला लावणारा! मनोहरभाऊ थांबले. "नाही जमणार. पोट घासेल."

"अहो भाऊ, नाक वर करा ना!" मी ओरडले. "नाक वर करायचं बटण असतं! पुढची बाजू उचलली जाते!"

"असतं खरं. पण कुठे आहे? मी आठवड्यापूर्वीच घेतली गाडी."

"आधी चालवा हळूहळू, मी आहे ना!"

पुढची चाकं ब्रेकर चढली, उतरली, आणि ब्रेकर बरोबर पोटाखाली आला. आता पोट आणि ब्रेकर यांच्यात बोटभर जागा. मी खिडकीतून आत वाकले, नवरदेवाच्या मांडीवरून हात लांबवला आणि मधल्या पट्टीवरचं डावीकडून दुसरं बटण आत्मविश्वासाने दाबलं. ते मी शंभरदा व्हिडिओत पाहिलं होतं.

जुन्या मॉडेलच्या व्हिडिओत.

नव्या मॉडेलमध्ये त्यांनी चेहऱ्याबरोबर बटणांच्या जागाही बदलल्या होत्या. आता तिथे शर्यतीचं बटण होतं. ते दाबलं की गाडी रस्त्याला चिकटून पळावी म्हणून आणखी खाली बसते. 'सूंऽऽ' असा मऊ आवाज आला आणि ती लाखमोलाची सुंदरी ब्रेकरवर अशी टेकली, जशी कोंबडी अंड्यांवर!

धुमाल थांबली. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. मनोहरभाऊंनी घाबरून तीन-चार बटणं दाबली. वायपर फिरले, खुर्च्या गरम झाल्या.

"मामा, बुडाले चटका बसून राह्यला!" नवरदेव ओरडला.

दोघांनी काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. फेटा आतच राहिला. सुनंदाताई मांडवातून धावत आली. "मुहूर्त चालला ना बाप्पा! कोणं केलं हे?"

सगळ्या वरातीने माझ्याकडे बोट दाखवलं. इतकी एकी मी आमच्या जिल्ह्यात आधी पाहिली नव्हती.

नवरदेवाला घोडीवर चढवलं. घोडीवाला चहाचा कप खाली ठेवत शांतपणे मला म्हणाला, "बाई, हिचं नाक वर कराले बटन नाई लागत."

तोवर आमचे हे कुणाच्या तरी अंगणातून ट्रॅक्टर घेऊन आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पट्टा बांधला. पोट घासू नये म्हणून धानाच्या तणसाने भरलेली पोती पुढे-मागे सारली. मनोहरभाऊ वजनदार, त्यांना उतरवलं. "स्टेअरिंगवर कोणीतरी हलका माणूस बसवा," हे ट्रॅक्टरवरून म्हणाले.

मी पदर खोचला, एक पाऊल पुढे टाकलं.

सुनंदाताईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "ही? ही बसली तं ब्रेकर जमिनीत जाईन! मामाजीले बसवा."

मामाजी बसले. सदरा सावरून, देवळात बसतात तसे. मनोहरभाऊंनी खिडकीतून गाडी सुरू करून दिली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि सांगितलं, "काका, फक्त स्टेअरिंग सरळ धरा." आणि मी? मी मागे, धुमालवाल्यांच्या जोडीला, मोरपंखी सिल्कमध्ये, दोन्ही तळवे तिच्या गरम पाठीला लावून!

"हं, लावा जोर!"

ट्रॅक्टर गुरगुरला, पट्टा ताणला, आम्ही रेटलं, पोती करकरली, आणि ती एकदम उचकी लागल्यासारखी ब्रेकरवरून सुटली. त्या धक्क्याने मामाजींचा ट्रकवाला पाय जागा झाला. जन्मभर चढावर जसा दाबला, तसा त्यांनी दाबला, आणि शर्यतीचं बटण अजून चालूच होतं.

मोठं इंजिन जागं झालं.

तो आवाज मी कसा सांगू! आधी पोटात शिरला, मग कानात. ग्रामपंचायतीवरची कबुतरं उडाली. गावभरची कुत्री गप्प झाली. आणि घोडी, जी तोवर रमतगमत चालली होती, ती नवरदेवाला घेऊन जी सुटली, ती थेट मांडवाच्या दारात! मुहूर्ताला अगदी वेळेवर! (घोडी लग्नघरात इतक्या वेगाने आलेली भटजींनीही कधी पाहिली नव्हती. त्यांनी मंगलाष्टकं लगेच सुरू केली, पुन्हा काही होऊ नये म्हणून.)

सगळे घोडीमागे धावले, आमचे हे ट्रॅक्टर परत करायला गेले आणि आमच्याजवळ उरले फक्त मनोहरभाऊ. मी धापा टाकत खिडकीशी गेले. इंजिन बंद झालं होतं, पण मामाजींचे हात स्टेअरिंगवरच होते. समोर पंचायतीची भिंत होती आणि ते तिच्या पलीकडचं काहीतरी बघत होते.

"मामाजी, उतरता ना जी?"

"थांब जराशी." मग स्टेअरिंगवरून तळवा फिरवत म्हणाले, "ट्रकवर होतो ना, तवा रोज वाटे वं. एक दिवस तरी अशी गाडी हाती याव की मांगं काही भरलेलं नसन."

मनोहरभाऊंना काय वाटलं कुणास ठाऊक. ते खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "काका, बसा तुम्ही. जेवणं होईपर्यंत बसा."

मामाजी बसले. पंगतीत मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी मनोहरभाऊ नागपूरला निघाले. ब्रेकरला वळसा घालून, शेताच्या धुऱ्याला लागून असलेल्या सपाट वाटेने, पुढे दोन माणसं चालवत त्यांनी ती गावाबाहेर काढली. आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तुमसरच्या रस्त्याला मोकळं रान लागलं असावं. कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून तो आवाज आला, चढत गेला, बारीक होत गेला, आणि मामाजींनी हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. संपला तरी त्यांनी तो बराच वेळ खाली घेतला नाही.

एसटीत यांनी मला विचारलं, "एवढी वर्षं जीव टाकून राह्यली होती ना तिच्यावर? आता पाह्यली. सांग मग, कशी आहे गाडी?"

मी माझ्या काळ्या झालेल्या तळव्यांकडे पाहिलं, कानातली शिट्टी जरा थांबू दिली आणि जाणकाराच्या गंभीरपणाने माझं मत दिलं.

"ढकलायला जड आहे."