वडलांचा गुडघा
गरम तिळाच्या तेलाचा वास आला की येडगावच्या ओसरीवर पाय पसरून बसलेले वडील आठवतात. मेंढरांमागं जाताना घसरून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. रोज वाकवला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आई तेल चोळून गुडघा वाकवायची. एके दिवशी वडील रडतच म्हणाले, “सोड गं, लई दुखतंय. मला लंगडाच राहू दे.” आईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “न्हाई सोडायची,” म्हणत तिनं आणखी जोर लावला. गुडघा शेवटपर्यंत अर्धाच वाकला, पण त्याच पायानं वडील पुन्हा मेंढरांमागं गेले. आता माझा खांदा आखडलाय. व्यायाम करताना कळ आली की मी हात खाली घेते. दटावणारं घरात कुणी उरलं नाही.