शिट्टीच्या आधी

आमच्या शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी मी कधी ऐकलेली नाही. वाफ फुसफुसायला लागली की त्या धावत जाऊन गॅस बारीक करतात. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं असंच चालायचं. यजमान इंजिन ड्रायव्हर. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस दिवसा झोपणार, म्हणून घर गप्प. वहिनी अजूनही कुजबुजल्यासारख्या बोलतात. भाजीवालासुद्धा त्यांच्या दारात आवाज उतरवतो. मला कधी कधी त्या शांततेचा रागच येतो.

आमच्याकडे प्रत्येक जण वेगळ्या वेळी जेवतो, म्हणून परवा मायक्रोवेव्ह बघायला वहिनींना घेऊन जळगावच्या एका दुकानात गेले. ग्रिल हवं की नको, केवढा घ्यावा, माझ्या शंका संपेनात. वहिनींनी एकच विचारलं, "याचा आवाज बंद करता येतो का?"

विक्रेत्याने कपभर पाणी आत ठेवून बटण दाबलं. आकडे उतरत गेले आणि शेवटच्या सेकंदाला वहिनींनी झटकन दार उघडलं.

"अवं, वाजू दे ना त्याले. मी जागाच शे," मागून यजमान म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला दुकानात घेऊन आले होते तेच.

विक्रेत्याने पुन्हा लावलं. या वेळी वहिनींनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मायक्रोवेव्ह चांगला खणखणीत वाजला. मी कपातल्या वाफेकडे बघत होते.

वहिनी यजमानांच्या पापण्यांकडे बघत होत्या.